सिंगापूरहून दिलेले चार गुण

"हरले त्या दिवशी मी गुण देत नाही, आणि जिंकले त्या दिवशी तर मुळीच नाही," असं नोलीन पॅस्को एकदा म्हणाली होती.

मग देतेस तरी कधी, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मधल्या एखाद्या दिवशी. त्या खेळावर माझा राग नसतो आणि जीवही नसतो, अशा."

पर्थच्या उत्तरेला, किनाऱ्यावरच्या जेराल्डटनमधल्या आमच्या छोट्या रेडिओवर दर गुरुवारी सकाळी, वारा आणि भरती-ओहोटी सांगून झाली की नोलीन ऑनलाइन गेम्सबद्दल बोलायची. काचेच्या अलीकडे बसून मी बटणं सांभाळायचो. पगार तिलाही नव्हता आणि मलाही नव्हता. ती सत्तरीकडे झुकलेली, हाडाने रुंद, एका खुब्यात धातूचा सांधा. येताना बॅगेत पाण्याची बाटली आणि साधी, बिनसाखरेची बिस्किटं असायची. एका खेळाबद्दल बोलून झालं की ती एक घोट पाणी प्यायची, अर्धं बिस्किट खायची आणि मगच दुसऱ्या खेळाचं नाव घ्यायची. ही सवय तिला केकने लावली होती.

अर्धं आयुष्य तिने शेतकी प्रदर्शनांत केकची परीक्षा केली. मल्लेवापासून नॉर्थॅम्प्टनपर्यंत, जिथे जिथे वर्षातून एकदा तंबू ठोकतात आणि मेंढ्या धुऊन आणतात, तिथे तिथे एका लांब टेबलापाशी नोलीन उभी असायची आणि तिच्यामागे कार्डं लिहायला तिची मदतनीस डॉट. केक नंबर लावून येतो, नाव नसतं. परीक्षकाने बोलायचं नसतं. पण आमच्याकडे कुठली ताटली कुणाची हे न कळणं शक्यच नाही, फार तर तिच्याकडे न पाहणं शक्य आहे. नोलीन पाहायची नाही. ती केक मधोमध कापायची. कडा सगळ्यांच्याच बऱ्या भाजतात, असं तिचं मत होतं. आणि ज्या केकला काहीच मिळायचं नाही त्याच्या कार्डावर ती एक वाक्य सांगायची, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल असं. "भट्टीचं दार लवकर उघडलंस," एवढंच. त्यात सांत्वन नसायचं, पण रडत घरी गेलेली बाई दुसऱ्या दिवशी तेच वाक्य घेऊन स्वयंपाकघरात उभी राहायची.

खुब्याचं ऑपरेशन झालं आणि टेबलापाशी उभं राहणं संपलं. घरात बसून ती व्हर्नला, म्हणजे बोटीवरून निवृत्त झालेल्या नवऱ्याला, इतकी कामं सांगू लागली की त्यानेच कुणाकडून तरी जुना कॉम्प्युटर आणला आणि तिच्यापुढे ठेवला. आधी पत्ते. मग शेती. मग तलवारी. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी मुलांबरोबर ती किल्ले चढू लागली. "ती आत गेली की घर शांत होतं," व्हर्न सांगायचा. "मग एकदम ओरडते, 'डावीकडे, मूर्खा.' मी डावीकडे बघतो."

रेडिओवर तिच्याआधी हा कार्यक्रम एक तरुण करायचा. तो प्रत्येक खेळाला नऊ द्यायचा. त्याला सगळंच आवडायचं, बिचारा आनंदी होता. नोलीनने एकदा फोन करून त्याला सांगितलं, की सगळ्यांना नऊ म्हणजे तू अजून कुणालाच गुण दिलेले नाहीस. तो म्हणाला, मग तूच ये. ती आली.

खेळाची परीक्षाही तिने मधोमध कापूनच केली. पहिला तास ती मोजायची नाही. पहिल्या तासात प्रत्येक खेळ तुमची आरती करतो, घंटा वाजतात, सोनं पडतं, तुम्ही जन्मजात योद्धे आहात असं सांगतो. घंटा थांबल्या की नोलीन खेळ बघायला सुरुवात करायची. दर खेळाला नवं नाव घ्यायची, जुन्या नावाची ओळख नको म्हणून. रेडिओवर आधी सांगायची की मी एवढं खेळले, यांच्याबरोबर खेळले, हरले, आणि अमुक भाग पाहिलाच नाही. "शेवटचा डोंगर मी चढले नाही. त्याबद्दल मला विचारू नका." मग गुण. पत्त्यांच्या खेळाला तलवारीच्या खेळाशेजारी कधी उभं करायची नाही. स्कोनसारख्या छोट्या पावाची तुलना फळांच्या केकशी करणाऱ्याला टेबलाजवळ फिरकू देऊ नये, असं ती म्हणायची.

एकदा पूर्वेकडच्या एका कंपनीने तिला सगळं उघडलेलं खातं पाठवलं, चिलखतं, घोडे, पंख, सगळं हाती असलेलं. सोबत चीजची टोपली. खातं तिने उघडलं नाही. चीज परत पाठवण्यात अर्थ नव्हता, वाटेत घाम फुटून मेलं असतं. तिने रेडिओवर सांगून टाकलं, की चीज आलं होतं, ते व्हर्नने खाल्लं, आणि चीजला आठ. खेळ तिने रिकाम्या हातांनी, रांगेच्या शेवटून सुरू केला होता. त्याला पाच.

त्यावर एकाने फोन केला. "तू हरलीस म्हणून पाच दिलेस."

"हरले हे तुला कुणी सांगितलं?"

"तूच."

"मग?" नोलीन म्हणाली, आणि तिने पाण्याचा घोट घेतला.

मला तिच्या गुणांपेक्षा हे आवडायचं. माणूस कुठे उभा राहून बोलतो आहे हे आधी सांगतो, आणि मगच बोलतो. बहुतेक माणसं, मीही, आपण हवेत तरंगत असल्यासारखं बोलतो.

त्या वर्षी 'पांढऱ्यां'चा हंगाम सुरू होता. वर्षाच्या शेवटी तरुण शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, कवच टाकतात, फिकट होतात आणि रांगा करून खोल पाण्याकडे चालू लागतात. त्यांना आमच्याकडे पांढऱ्या म्हणतात, आणि त्या महिन्यांत कुठल्याच घरात दुसरा विषय नसतो. अशा वेळी नोलीनकडे एक खेळ आला. त्याचं नावच 'पांढऱ्या'. सोबत बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, प्रदर्शनासारखा नुसता नंबर होता.

तो टेगन रूकने बनवला होता हे सगळ्यांना माहीत होतं. टेगन शेवंडीच्या डेपोत काम करायची. बोटीवरून आलेली शेवंड उचलायची, शेपूट जोरात मारते का ते बघायची, पाय पुरे आहेत का ते बघायची आणि जिवंत टाकीत सोडायची. उरलेल्या वेळात ती हा खेळ बनवत होती, दोन हिवाळे.

खेळ साधा. तुम्ही एक फिकट शेवंड. समुद्राच्या तळाशी अनोळखी माणसांच्या शेवंडींबरोबर रांगेत चालायचं. बोलता येत नाही. पुढचीला मिशी लावून चालायचं, एवढाच संबंध. वर ऑक्टोपसची सावली आली की जिला ती आधी दिसेल तिने थरथरायचं, ती थरथर रांगेतून मागे जाते, आणि सगळ्यांनी एकदम तळाशी चिकटून बसायचं. एकजण उशिरा बसली की रांग फुटते. फुटलेली रांग पुन्हा जमत नाही. प्रत्येकीला एकटीने चालावं लागतं, आणि एकटी फार लांब जात नाही.

नोलीन तो खूप खेळली. घंटा नव्हत्याच, त्यामुळे त्या थांबायची वाट बघावी लागली नाही. मग एका गुरुवारी ती म्हणाली, "समुद्राचा तळ मी असा कधी पाहिला नव्हता. व्हर्नने पाहिला असेल, पण त्याला सांगता येत नाही. मात्र हा खेळ एकाच गोष्टीवर उभा आहे, सगळ्यांनी एकाच वेळी खाली बसणं. आणि तीच होत नाही. मी बसते, आणि माझी शेवंड मागाहून बसते. तोवर आम्हांला खाल्लेलं असतं. केक फुगलाय, आत कच्चा आहे. ज्याने कुणी केलाय त्याने आधी हे बघावं. चार."

पाणी, अर्धं बिस्किट, आणि पुढे ती एका पत्त्यांच्या खेळाकडे वळली.

पाय तुटलेल्या शेवंडी परदेशी जात नाहीत, त्या डेपोच्या मागच्या दाराशी आम्हां गाववाल्यांना मिळतात. मी शनिवारी तिथे गेलो. टेगन पांढऱ्या रबरी बुटांत उभी होती.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"अख्ख्या डेपोने ऐकलं. टाक्यांवर रेडिओच लावलेला असतो. शेवंडींनीही ऐकलं."

"मनाला लावून घेऊ नकोस."

"मनाला लावायला ती काय माझी सासू आहे? नोलीन कच्चा म्हणाली म्हणजे कच्चा. ती उगाच म्हणत नाही." तिने एक शेवंड उचलून वळवली, परत ठेवली. "मी ते काढतेय."

"काय काढतेस?"

"एकदम बसणं. त्याच्यावरच मी दोन हिवाळे घातले. इकडे बटण दाबलं की तिकडे तत्क्षणी व्हावं, म्हणून काय काय केलं ते तुला सांगून कळणार नाही. मला वाटलं, जमलं. नाही जमलं. आता प्रत्येकीने आपलं आपण चालायचं. कुणी कुणासाठी थांबायचं नाही."

"मग रांग?"

"रांग नाही."

"मग उरतं काय?"

"चालणं," टेगन म्हणाली. "या दोन घे. हिला चारच पाय आहेत, पण चव पायात नसते."

पुढच्या गुरुवारी कार्यक्रमाआधी मी हे नोलीनला सांगितलं. ती खुर्ची पुढेमागे करत होती. "परीक्षकाने स्पर्धकाच्या स्वयंपाकघरात जायचं नसतं," ती म्हणाली. "कार्ड एकदा ठेवलं की ठेवलं, हे डॉटने आणि मी मल्लेवाच्या तंबूतच ठरवलं होतं. उचलायला लागलो तर संध्याकाळपर्यंत सगळा तंबू रडत येईल."

"पण ती खेळाचं काळीजच काढतेय."

"काळीज कच्चं असेल तर काढावं."

पण ती माझ्याकडे बघून बोलत नव्हती. लाल दिवा लागला तरी तिने बाटलीचं झाकण उघडलेलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या शेवटी आम्ही फोन घ्यायचो. त्या दिवशी पहिला फोन नॉर्थॅम्प्टनहून आला, एरलचा. एरल शाळेची बस चालवतो. त्याचा बाप बोटीवर होता, तेवढा त्याचा शेवंडीशी संबंध. ऑनलाइन खेळ त्याने जन्मात खेळला नव्हता.

"नोलीन, तुझ्या त्या शेवंडींबद्दल बोलायचं होतं."

"बोल, एरल."

"माझी बसते."

"काय बसते?"

"शेवंड. दाबलं की बसते. लगेच. तुझी का बसत नाही?"

"तू खेळलास?"

"तू म्हणालीस ना समुद्राचा तळ वगैरे. म्हटलं बघू. आता बस उभी केली की तेच. बायको म्हणते, जेवताना ताटावर सावली पडली तरी मी खाली वाकतो."

मी हसलो, माझा माइक बंद होता. नोलीन हसली नाही.

"कॉम्प्युटर कुठला आहे तुझा?"

"पोरीने टाकलेला. पंखा ट्रॅक्टरसारखा वाजतो."

"सुरुवातीला सिंगापूरच निवडलंस ना?"

"सिंगापूर कशाला?" एरल म्हणाला. "पहिलं पर्थ लिहिलं होतं, ते दाबलं. माझी बहीण असते पर्थला."

रेडिओवरची शांतता घरातल्या शांततेसारखी नसते. ती गावभर एकाच वेळी पसरते. मी काचेतून नोलीनकडे पाहत राहिलो, गाणं लावायचं भान मला उशिरा आलं.

आमच्या बाजूला राहून जो कुणी खेळतो त्याला हे सांगावं लागत नाही. खेळ सुरू होताना विचारतो, कुठल्या शहरातल्या मशीनला जोडू? सिडनी असतं, पण आमच्यात आणि सिडनीत सगळा देश पडलेला आहे. सिंगापूर परदेश, समुद्रापलीकडचं, पण तारेने लवकर पोचणारं. म्हणून आमची नजर यादी वाचत नाही, सिंगापूर शोधते. बटण दाबलं की ते दाबणं तिकडे जातं, तिथून परततं, आणि मग आपला हात हललेला आपल्याला दिसतो. त्या मधल्या वेळाची आम्हांला इतकी सवय झाली आहे की तो वेळ म्हणजेच खेळ, असं वाटतं. यादीत पर्थ कधीच नसतं. जगातल्या कुठल्याही खेळाने आम्हांला कधी जवळचं मानलेलं नाही. त्यामुळे जवळचं काही यादीत असू शकतं हे नोलीनच्या नजरेला ठाऊक नव्हतं. एरलला ठाऊक नव्हतं की ते नसतं.

गाणं संपायच्या आत नोलीन उठली. "मला घरी सोड," ती म्हणाली. "माझ्याच्याने आत्ता गाडी चालवली जायची नाही."

घरी व्हर्न स्वयंपाकघराच्या टेबलावर बसला होता. समोर रेडिओ. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून रेडिओ कानाशीच असतो.

"नॉर्थॅम्प्टनच्या बसवाल्याने पकडलं म्हणे तुला," तो म्हणाला.

तिने चष्मा लावला, कॉम्प्युटर सुरू केला. यादी आली. पर्थ. सिंगापूर. सिडनी. आम्ही दोघे तिच्यामागे उभे होतो.

"हे तर पहिलंच आहे," व्हर्न म्हणाला.

"दिसतंय मला."

"मोठ्या अक्षरांत आहे."

"व्हर्न, चहा ठेव."

तो गेला नाही. तिने पर्थ दाबलं.

तळाची वाळू, आणि तिच्यावर वरच्या लाटांची हलती जाळी. पुढे कुणाच्या तरी फिकट पाठी, मागे कुणाच्या तरी मिशा. नोलीनची शेवंड चालू लागली. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि ते काहीच न होणं छान होतं. मग पुढून थरथर आली. ती एकेका पाठीवरून इतकी स्पष्ट येत होती की मोजता आली असती. नोलीनने दाबलं. बोट वर येण्याआधी शेवंड बसलेली होती. पुढच्या सगळ्या बसल्या, मागच्या सगळ्या बसल्या, जणू एकच लांब अंग जमिनीला टेकलं. सावली वरून गेली. तिला घाई नव्हती. ती गेली, आणि कुठूनतरी पहिली मिशी हलली.

"अशाच बसतात," व्हर्न म्हणाला. बोटीवरचं त्याचं सगळं आयुष्य त्या दोन शब्दांत होतं, आणि मग तो चहा ठेवायला गेला.

नोलीन खोल पाण्यापर्यंत गेली. रांग फुटली नाही. शेवटी तिने माउस बाजूला ठेवला आणि हात मांडीवर घेतले. चेहरा लग्नघरातल्या बाईसारखा झाला होता.

"मग किती?" मी विचारलं.

"आज नाही. आज जिंकलेय."

"नोलीन, ती पोरगी तिकडे कापाकापी करतेय."

ती माझ्याकडे वळली. "गुण गुरुवारी. चूक आज. चल."

डेपोत पाळी संपत आली होती. टेगन नळीने जमीन धूत होती. नोलीनला दारात बघून तिने पाणी बंद केलं. परीक्षक स्पर्धकाच्या दारात आली म्हणजे कुणीतरी मेलं, असा तिचा चेहरा झाला.

"मी सिंगापूरला बसून खेळले," नोलीन म्हणाली.

टेगनला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. "सिंगापूर? अगं, तिथे माझ्या दोन मैत्रिणींसाठी एक मरतुकडं मशीन ठेवलंय. त्याच्यावर कुणाची गोगलगायसुद्धा वेळेत बसणार नाही. पर्थ नाही दिसलं?"

"नाही."

"अगं पण मोठ्या अक्षरांत..."

"ते व्हर्नचं सांगून झालंय."

टेगनने नळी खाली टाकली. "पर्थ टाकलंय याचाच मला किती अभिमान होता. म्हटलं, निदान आपल्या माणसांना तरी पहिल्यांदा जवळून खेळू दे. आणि आपल्याच माणसांना ते दिसू नये." तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाही ठरवता येत नव्हतं. "मग ते बसतं? एकदम?"

"बसतं. मी दाबायच्या आधी बसतं की काय असं वाटलं. तू ते काढू नकोस, हे सांगायला आले."

"काढलं."

"काय?"

"रविवारीच काढलं. तू खेळलीस तो जुना; माझ्याकडच्या नव्यात आता सगळ्या एकेकट्या चालतात, उद्या तोच सगळ्यांकडे जाईल."

नोलीन मागे सरकली आणि थर्माकोलच्या खोक्यांच्या रांगेवर बसली. ती खोकी माणसाच्या वजनासाठी नसतात, एक कुरकुरलं. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्या बाईने आयुष्यभर केक कापले होते. कापलेला केक पुन्हा सांधत नाही, हे तिच्या हातांना ठाऊक होतं.

"मग गेलं ते," ती म्हणाली.

"कुठे गेलं?"

"तू कापलंस ते. दोन हिवाळ्यांचं."

टेगन तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. ती नोलीनसमोर उकिडवी बसली. "नोलीन, आमच्यात जुनं कुणी टाकत नाही. रोजचं रोज ठेवलेलं असतं. शनिवारचं आहे, शुक्रवारचं आहे. आज घरी गेले की शनिवारचं परत लावते."

"कापायच्या आधीचं?"

"कापायच्या आधीचं."

"सगळं?"

"सगळं. एक मिशी इकडची तिकडे नाही."

नोलीनला खरं वाटेना. तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मला यातलं काही कळतं. मी मान हलवली. तेव्हा तिने इतका मोठा श्वास सोडला की जवळच्या टाकीतल्या शेवंडींनी शेपट्या मारल्या, किंवा त्या तशाही मारत असतील. मग ती हसू लागली. मी तिला रेडिओवर हसताना पाहिलं होतं, पण ते बेताचं असायचं. हे तसं नव्हतं. टेगनही हसली. पाळी सुटलेले दोघे-तिघे थांबून बघू लागले.

"आधी का नाही सांगितलंस हे तुमचं?" नोलीन डोळे पुसत म्हणाली.

"तू कुठे विचारलंस? आणि मी कशी फोन करणार? परीक्षकाशी बोलायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"आईने. तिच्या स्पंजला तू एकदा काहीच दिलं नव्हतंस."

"भट्टीचं दार लवकर उघडायची ती."

"अजून उघडते," टेगन म्हणाली. "बरं, मग आता किती?"

"गुरुवारी."

"सांग ना आता. कुणाला कळतंय?"

"आज मी फार खूश आहे," नोलीन म्हणाली. "आज दिले तर ते खोटे असतील. आणि तू हुरळू नकोस, आणखी दोन-तीन गोष्टी आहेत."

"कुठल्या?"

"गुरुवारी."

परत जाताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत बोलत राहिली, माझ्याशी असं नाही. केक संध्याकाळपर्यंत खाऊन संपतो, म्हणून कार्ड तिथेच राहिलं तरी चालतं. खोटं ठरायला मागे काही उरतच नाही. पण हे दर आठवड्याला बदलतं, मागेसुद्धा जातं. त्याला एकदा गुण देऊन घरी जायचं म्हणजे... तिने वाक्य पुरं केलं नाही. पुलावर वारा इतका होता की मला स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागलं, आणि त्या वाऱ्यात ती मधूनच पुन्हा हसत होती.

गुरुवारी ती वेळेआधी आली. टेगन मधल्या सुट्टीत, डेपोच्या बुटांसकट आली आणि स्टुडिओच्या दाराशी उभी राहिली. लाल दिवा लागला.

"मी 'पांढऱ्या'ला चार दिले होते," नोलीन म्हणाली. "ते सिंगापूरहून दिले होते. मी कुठे बसलेय हे मी तुम्हांला दर वेळी सांगते, त्या वेळी मलाच माहीत नव्हतं. खेळाने पर्थ समोर ठेवलं होतं आणि मी ते वाचलं नाही. उशीर माझ्या बाजूचा होता. नॉर्थॅम्प्टनच्या एरलने मला हे दाखवलं. पर्थहून मी तो पुन्हा खेळले. जिंकले, नंतर दोनदा हरले, आणि कालचा दिवस मध्ये जाऊ दिला. सगळ्या एकदम बसतात. असं एकदम बसणं मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेलं नाही. आता खरे दोष. नव्या माणसाला कुणाच्या मागे लागायचं ते कळत नाही, तो वाळूत एकटाच फिरत बसतो. लाटांचा आवाज थोडा कमी हवा. आणि खोल पाणी आलं की खेळ तुम्हांला ढकलून बाहेर काढतो, जरा थांबू देत नाही. सात. हे बदललं की मी पुन्हा खेळेन आणि पुन्हा सांगेन. यापुढे सगळ्यांचंच तसं. गुण जुने होतात, तेव्हा मला जुने गुण ऐकवू नका." ती थांबली. "डॉट, तू ऐकत असशील तर, कार्ड उचललंय, मला माहीत आहे. फोन करू नकोस."

फोनचा दिवा लागला.

मी काचेतून फोनकडे बोट दाखवलं. टेगन दाराशी ओठांतल्या ओठांत "सात" म्हणत होती, आणि मग खिशात पेन शोधू लागली, बहुधा त्या तीन गोष्टी विसरायच्या आत लिहून घ्यायला. पेन सापडेना, तेव्हा तिने माझ्याच टेबलावरचं उचललं आणि तळहातावर लिहायला घेतलं.

मी फोन घेतला. "नोलीन," डॉटचा आवाज सगळ्या गावात घुमला, "आपण मल्लेवाच्या तंबूत काय ठरवलं होतं? नोलीन? आहेस का तिथे?"

नोलीनने हेडफोन काढून ठेवले. खुर्चीच्या हाताला धरून ती उठली, खुब्याला थोडा वेळ दिला. टेगनने लिहिता लिहिता कोपराने तिच्यासाठी दार उघडं धरलं. डॉट बोलतच होती, आणि नोलीन कुणालाही काही न म्हणता बाहेर पडली.